चौथा स्लॉट

धुळ्यात पाच कंदिलाच्या मागच्या गल्लीत इसाकचं दुकान आहे. दहा बाय आठची खोली, निम्मी जागा मेलेल्या कॉम्प्युटरांनी अडवलेली, आणि दारावर पाटी : अलफिया कॉम्प्युटर्स. अलफिया म्हणजे त्याची पुतणी. पाटी रंगवली तेव्हा ती दुसरीत होती. आता तिचं लग्न ठरलं, तरी पाटी तीच. नवे लॅपटॉप दुरुस्त करणारे आग्रा रोडवर पैशाला पासरी आहेत. इसाककडे येतात ते म्हातारे, पंधरा-वीस वर्षांचे करड्या रंगाचे डबे. त्यांच्यात एखाद्या कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा नाहीतर एखादा दवाखाना असा अडकून बसलेला असतो, की मालकाला ते ठेववत नाहीत आणि फेकवतही नाहीत.

त्याची पद्धत ठरलेली. आधी डबा उघडायचा, मेमरीची पट्टी काढायची आणि तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरने घासायचे. निम्मी दुखणी तिथंच बरी होतात. उरलेल्यांचा सेल बदलायचा. त्यातूनही जे उरलं, तो दोष गिऱ्हाइकाचा. आल्यागेल्याला तो दोन नियम ऐकवायचा. एक, मशीन खोटं बोलत नाही. त्याला जे दिसतं तेच ते सांगतं. दुसरा, चालत्या मशीनला हात लावायचा नाही. पुढं हे दोन्ही नियम त्याच्याच गळ्यात आले, पण तेव्हा त्याला ते कुठं ठाऊक!

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी कामिनीताई रिक्षातून असाच एक डबा घेऊन आल्या. देवपुरात त्यांचा कान तपासायचा छोटा दवाखाना आहे.

"इसाकभाऊ, याला वेड लागलंय," त्या म्हणाल्या. "बटण एक आहे. हा म्हणतो, दोन आहेत."

ताईंचं काम असं : काचेच्या एका बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानावर हेडफोन लावायचा, हातात वायरचं एक बटण द्यायचं. ताई बाहेर बसून कॉम्प्युटरवरून सूर सोडणार, कधी जाड, कधी पातळ, हळूहळू बारीक करत. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. पडद्यावर हिरवा ठिपका लागतो. शेवटी त्या ठिपक्यांचा आलेख निघतो आणि त्यावरून कानातलं मशीन बसवायचं. हा सगळा संच त्यांनी जळगावच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आणला होता. आतलं कार्ड जुनं, विंडोजही जुनं, आणि एकाचं दुसऱ्याशिवाय पान हलत नाही.

"कार्ड कुणी इकडचं तिकडं केलं असेल," इसाक हसत म्हणाला. "खाच बदलली की विंडोज तेच कार्ड नवं म्हणून नोंदवतं आणि जुन्याचंही नाव सोडत नाही. दुसरी सून आली तरी सासू पहिलीचंच नाव घेते, तसं. तासाभराचं काम आहे."

"शुक्रवारपर्यंत द्या म्हणजे झालं. शनिवारी हसनैनभाईंना बोलावलंय ना आपण?"

ते इसाकला सांगायची गरज नव्हती.

हसनैन त्याचा थोरला भाऊ, तेरा वर्षांनी मोठा. अब्बा गेले तेव्हा इसाक आठवीत होता. हसनैनने त्याला शाळेतून काढला नाही. स्वतः यंत्रमागाच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या केल्या आणि धाकट्याला कॉम्प्युटरचा कोर्स करू दिला. तीस वर्षं माग चालवले. मागांनी त्याच्याकडून एकच गोष्ट घेतली, कान.

कारखान्यात चोवीस माग एकदम चालतात तेव्हा माणसाचा आवाज ही निरुपयोगी वस्तू असते. तिथं ओठ वाचतात, हातांनी बोलतात. हाक कुणी मारत नाही. पाळी संपली की पुढच्या पाळीचा माणूस येऊन मागे उभा राहतो आणि उजव्या खांद्यावर दोनदा हात मारतो. तुझं झालं, तू जा, पुढचं मी बघतो. माग थांबत नाही, धागा तुटत नाही. पहिला डावीकडे सरकतो आणि वळून न पाहता निघून जातो. हसनैनने ही खूण घरीही आणली होती. परीक्षेच्या दिवसांत इसाक पुस्तकावर डुलक्या घ्यायला लागला की खांद्यावर दोन थापा पडायच्या. पुरे, झोप आता.

आता हसनैन लोकांच्या ओठांवर जगत होता आणि ऐकू येतंय असं दाखवत होता. साखरपुड्याला व्याह्यांनी विचारलं, "जळगावला कधी येता?" हा हसून म्हणाला, "हो हो, चहा घरच्या दुधाचा आहे." सगळे हसले. इसाकला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच रात्री हसनैन त्याला म्हणाला होता, "निकाहला आत जाऊन पोरीला विचारतात ना, तेव्हा तिच्या तोंडावर ओढणी असते. ओठ दिसायचे नाहीत मला. जीनत असती तर तिने सांगितलं असतं. इसाक, माझ्या पोरीचं 'कबूल' मला माझ्या कानाने ऐकायचंय."

जीनतभाभीला जाऊन सहा वर्षं झाली होती. निकाह पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होता. दुसरीकडे तपासणीची तारीख महिनाभर नव्हती. भावाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते या करड्या डब्यात होतं.

बुधवारी सकाळी इसाक कामाला बसला.

यादी उघडली. खरंच, एकाखाली एक दोन नावं होती. रिस्पॉन्स बटण. रिस्पॉन्स बटण दोन. जुन्या खाचेची आठवण असेल तर ते नाव फिकट दिसतं. हे ठळक होतं. त्याने त्यावर टिचकी मारली. चौकट उघडली : उपकरण व्यवस्थित चालू आहे. ठिकाण, स्लॉट चार.

इसाकने डबा उघडला. कार्ड बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट, तीन होते. त्याने बोट लावून पुन्हा मोजले आणि आपण तिनापर्यंत दोनदा मोजतोय याचं त्याचं त्यालाच हसू आलं.

नाव पुसलं, मशीन बंद करून चालू केलं. खाली कोपऱ्यात फुगा आला : नवीन हार्डवेअर सापडलं. खोडरबर झालं. सेल बदलून झाला. सगळ्या सेटिंग मूळपदावर नेऊन झाल्या. मग त्याने कार्डच उपटून टेबलावर ठेवलं. यादीतून पहिलं बटण गेलं, ते बरोबरच होतं. दुसरं जागचं हललं नाही. बटणाची वायर, हेडफोन, कार्ड, सगळं समोर टेबलावर पडलं होतं आणि यादी सांगत होती, उपकरण व्यवस्थित चालू आहे.

"असेल बाबा," इसाक म्हणाला आणि चहा मागवला.

चहानंतर त्याने कार्ड परत बसवलं. हेडफोन आणि बटण मात्र बाहेरच राहू दिलं. सहज म्हणून एक सूर सोडला. मध्यम जाडीचा, मध्यम मोठा. दुकानात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. सूर कार्डापर्यंत जाऊन तिथंच मरणार.

हिरवा ठिपका लागला.

कुठंतरी करंट गळतोय, त्याने ठरवलं. सूर बारीक केला. ठिपका लागला. आणखी बारीक केला. लागला. आणखी एक पायरी खाली गेला आणि ठिपका लागला नाही. एक पायरी वर आला, लागला. खाली, नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

इसाकने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. बाहेर भरदुपार होती, गल्लीतून डाळिंबांची हातगाडी चालली होती. गळणाऱ्या करंटला सुराच्या लहानमोठेपणाशी काय देणंघेणं? अमुक इतकं ऐकू येतं, त्याच्या खालचं येत नाही, हे करंटचं वागणं नव्हे. हे कानाचं वागणं आहे.

त्याने पूर्ण तपासणी लावली. पाऊण तास मशीन आपोआप सूर सोडत राहिलं आणि ठिपके लागत राहिले. आलेख निघाला. जाड सुरांना ठीक, मग उतरत उतरत एका जागी खोल खड्डा, आणि पुन्हा थोडा चढ. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याने कागद छापला आणि खिशात घातला. घालता घालता त्याचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. सूर वाजल्यावर किती वेळाने बटण दाबलं, तो रकाना. सगळे आकडे अर्ध्या सेकंदाच्या आसपास होते. प्रत्येकाच्या आधी वजाचं चिन्ह होतं.

घड्याळ बिघडलंय, त्याने स्वतःला सांगितलं. सेल त्याने तासापूर्वीच नवा टाकला होता.

आता एकच उपाय उरला होता : कार्डाबरोबरची मूळ सीडी मिळवायची आणि सगळं पहिल्यापासून बसवायचं. जळगावच्या दवाखान्यात सामान सांभाळणारे एक बन्सीलाल होते, ते आता चोपड्याकडे आपल्या केळीच्या मळ्यात असतात, एवढं कामिनीताईंना ठाऊक होतं. गुरुवारी इसाकने मोटारसायकल काढली. अमळनेर मागं टाकलं, तापीचा पूल ओलांडला, आणि पुढं दोन्ही बाजूंना केळीच केळी. समोर सातपुडा धुरकट दिसत होता. थंडीतही बागांमध्ये ओल होती.

बन्सीलालनाना घड तोलत उभे होते. साठी उलटलेला, काटक माणूस. सीडी त्यांनी घरातून आणून दिली. केळीच्या वाळक्या सोपट्यात गुंडाळून ठेवलेली.

"लई जा भाऊ," ते म्हणाले. "मी ती फेकीच देनार व्हतू."

"नाना, तुमच्याकडे असताना याला कधी दोन बटणं दिसायची का?"

"माले काय समजस त्यामातलं? मी झाडझूड करू, पेशंटले आत बसाडू." नानांनी कोयता जमिनीत रोवला. "पन आखरीले डॉक्टर साहेब खोलीमा कोनी नही तरी सूर वाजाडेत. तासतास बठेत समोर."

"का?"

"इचारं मी. तं म्हने, बन्सी, त्याना कान तेज शे."

"कुणाचा?"

नानांनी खांदे उडवले. "मंग त्यास्नी कानमातलं मशीन सोताना कानले लावं. आनि भाऊ, फोन वाजाना आगोदर हॅलो म्हनाले लागनात. पहिले आम्ही बठ्ठा हासूत." ते स्वतः मात्र हसले नाहीत. "मंग दोन्ही कानमा कापूस घाली बठेत. एक दिन घरना लोकेस्ले चाव्या, कागदं, बठ्ठं कोठे शे ते सांगी दिधं. चौथा दिन गयात. झोपमाच. काही दुखनं नही, काही नही."

इसाक पाणी पिऊन निघाला. म्हातारपणी डॉक्टरांच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, हे त्याने तापीच्या पुलावर ठरवलं. घरी पोचेपर्यंत ते त्याला पटलंही.

शुक्रवारी त्याने डबा धुऊन काढावा तसा साफ केला आणि सीडीवरून सगळं नव्याने बसवलं. फुगा आला : नवीन हार्डवेअर सापडलं. एकदा. मग पुन्हा एकदा. यादीत दोन नावं आणि दुसऱ्याचं ठिकाण स्लॉट चार.

शेवटी त्याने दुसऱ्या बटणावर जाऊन ते बंद करून टाकलं. नाव राहू दे, काम करायचं नाही. आणि खरं बटण दाबून पाहिलं. ठिपका लागेना. दुसरं चालू केलं, पहिलंही चालू झालं. बंद केलं, दोन्ही बंद. संध्याकाळचे पाच वाजले होते. उद्या सकाळी दहाला हसनैनची तपासणी होती.

इसाकने आपला दुसरा नियम आठवला आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

"नावं दोन दिसतील ताई," डबा पोचवताना तो म्हणाला, "लक्ष देऊ नका. चालतंय."

शनिवारी हसनैन इस्त्रीचा शर्ट घालून आला. कामिनीताईंनी त्याला काचेच्या खोलीत त्यांच्याकडे पाठ करून बसवलं. "मागवाले डोळ्यांनी ऐकतात," त्या इसाकला म्हणाल्या. "समोर बसवलं तर माझ्या हाताकडे बघून बटण दाबतात आणि मला वाटतं कान ठणठणीत आहे." त्या पडद्याकडे वळल्या. इसाक त्यांच्या बाजूला, थोडा तिरका बसला होता. त्याला हसनैनचा गुडघा दिसत होता आणि गुडघ्यावरचा बटण धरलेला हात.

ठिपका लागला. हसनैनचा अंगठा स्थिर होता.

मग ताईंनी सूर सोडला. मग अंगठा हलला.

ठिपका, सूर, अंगठा. प्रत्येक वेळी हाच क्रम. ताईंचं लक्ष आलेखावर होतं, त्यांना हे दिसणं शक्य नव्हतं. जिथं हसनैनला ऐकू आलं नाही, तिथं ठिपकाही लागला नाही. इसाकचं तोंड उघडलं. आता बोललो तर डबा परत जाणार, तारीख पुढं जाणार, आणि शुक्रवारी ओढणीमागून अलफिया जे म्हणेल ते भाईजानला कधीच ऐकू येणार नाही. आलेख तर निघतोय ना? मग कोण आधी दाबतंय याच्याशी आपल्याला काय करायचंय?

त्याने तोंड मिटलं. या क्षणाची लाज त्याला पुढे फार वाटली, पण त्या क्षणी त्याला फक्त भावाची पाठ दिसत होती, परीक्षेला बसलेल्या पोरासारखी ताठ.

"हे बघा," कामिनीताईंनी छापलेला कागद दाखवला. "चार हजाराच्या सुराला हा खड्डा. मागवाल्यांचा कान असाच जातो."

त्या आत गेल्यावर इसाकने खिशातून बुधवारचा कागद काढला. दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. ठिपक्यावर ठिपका बसला. एकही रेसभर इकडेतिकडे नव्हता.

बुधवारी दुकानात कुणीच नव्हतं. हसनैनने तर हे बटण आज पहिल्यांदा हातात धरलं होतं.

इसाकने दोन्ही कागद घडी करून खिशात घातले.

त्याच कॉम्प्युटरला जोडून ताईंनी कानातलं मशीन त्या आलेखाप्रमाणे लावलं आणि हसनैनच्या कानात बसवलं. तो वर बघून म्हणाला, "पंखा आवाज करतो?" जिना उतरताना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकत तो दोनदा थांबला. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. ते तो कव्वाली ऐकावी तसा कान देऊन ऐकत उभा राहिला आणि रडायला लागला. इसाकला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं. त्याला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

निकाह शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर झाला. इसाक साक्षीदार म्हणून आत गेला. हसनैन दाराशी पडद्याला लागून बसला. निकाहात मुलीच्या वतीने बोलणाऱ्या वकिलाने अलफियाला विचारलं. तिची मान खाली होती, ओढणी हनुवटीपर्यंत होती. खोली गप्प झाली.

हसनैनचे डोळे भरून आले. "अल्हमदुलिल्लाह," तो म्हणाला.

आणि मग अलफियाचा आवाज आला. "कबूल."

बायका म्हणाल्या, बापाचं काळीज. इसाकने मनात मोजलं होतं. चार सेकंद.

अलफिया नवऱ्याबरोबर जळगावला गेली. घर रिकामं झालं. उरले इसाक, त्याची बायको आबेदा आणि हसनैन. हसनैन मजेत होता. कारखान्यात तो आता जात नव्हता. दारात उन्हाला बसायचा आणि जगाचे आवाज वेचायचा. कडी वाजायच्या आधी उठून दार उघडायचा. "कुकर झाला, गॅस बंद कर," म्हणून आबेदाला सांगायचा आणि ती म्हणायची, "भाईजान, अजून चढवलाच नाही." आबेदाला त्याचं हसू यायचं. इसाक मोबाइलवर वेळ लावायला लागला. डिसेंबर संपता संपता वीस सेकंद. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस हसनैन जेवता जेवता म्हणाला, "अलफिया आली वाटतं." ती आली दीड तासाने, कुणालाही न कळवता.

इसाकने त्याच दिवशी कामिनीताईंना फोन केला. भावाचं मशीन पुन्हा लावून द्या म्हणाला.

"आणा की," ताई म्हणाल्या. "आणि हो, तुमचे आभार मानायचे राहिले. कॉम्प्युटरवर आता एकच बटण दिसतंय. हसनैनभाईंची तपासणी झाली ना, त्या शनिवारपासूनच."

"दुसरं?"

"गेलं ना! तुम्हीच तर दुरुस्त केलंत."

मशीन पुन्हा लावून झालं. ताईंनी सगळे आकडे तपासले, काही चूक नव्हती. हसनैनलाही काही तक्रार नव्हती. इसाकच्या मोबाइलमधले आकडे वाढत गेले. पाच तास. अकरा तास. जानेवारीअखेर हसनैनने एका सकाळी सांगितलं, समोरच्या घरात काचेचं काहीतरी फुटलं. ते फुटलं तिसऱ्या दिवशी. त्यानंतर इसाकने मोजणं सोडलं. पुढं हसनैन जे ऐकत होता, त्यातलं बरंचसं अजून झालंच नव्हतं.

फेब्रुवारीतला एक रविवार. सकाळचे नऊ. ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. इसाक ओट्यावर बसून चहा पीत होता आणि हसनैन समोर खुर्चीत. आत आबेदा कळण्याच्या भाकरी थापत होती, तिचं गुणगुणणं बाहेर येत होतं.

"कोण रडतंय?" हसनैनने विचारलं.

इसाकने कप खाली ठेवला. "कुठं?"

"आपल्या घरात." हसनैनने मान तिरकी केली. "बऱ्याच बायका आहेत. अलफिया आहे." तो थांबला. "आबेदा आहे."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप, थप. आबेदा तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून गुणगुणायला लागली.

"भाईजान," इसाक म्हणाला, "ते मशीन काढा कानातून."

हसनैनने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग कुडत्याच्या खिशात हात घालून एक छोटी डबी काढली आणि उघडून पुढं धरली. मशीन आत होतं. सेल काढून बाजूला ठेवला होता.

"परवाच काढलं," तो म्हणाला. "गलका फार व्हायला लागला."

इसाकला चोपड्याचा मळा आठवला, आणि जमिनीत रोवलेला कोयता.

"नाव घेतायत का कुणाचं?" त्याने विचारलं.

हसनैन ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हा चेहरा इसाकने एकदाच पाहिला होता, अब्बांना घरी आणलं त्या दिवशी.

"भाईजान, कुणाचं?"

हसनैनने डबी मिटून खिशात ठेवली. खुर्चीचे हात धरून उठला, ओटा चढला आणि इसाकच्या मागे येऊन उभा राहिला.

मग त्याने इसाकच्या उजव्या खांद्यावर हात मारला. दोनदा. अगदी हळू, धागा तुटू नये असा.

इसाकने वळून पाहिलं नाही.